चार आठवड्यांपुढची थंडी आणि नकाशावरचा पांढरा रंग

गोडीछाटणी (निफाड)

यंदाचा द्राक्षांचा माल बहुतेक गेला आहे, शेवटचे दोन प्लॉट तेवढे उभे आहेत, म्हणून मार्चच्या या दुपारी निवांतपणे लिहायला बसलो आहे. विषय गेल्या हिवाळ्याचा, म्हणजे २०२४-२५ चा आहे. ऑक्टोबरमध्ये आमच्या शेतकरी गटांवर एकच निरोप फिरत होता : ला नीना (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा गार होण्याची स्थिती) येत आहे, त्यामुळे यंदा हाडे गोठवणारी थंडी पडणार. ज्यांच्या सल्ल्याने मी बाग करतो, त्यांनीही तेच सांगितले. आमच्याकडे फळछाटणी झाल्यापासून साधारण ११० ते १३० दिवसांनी माल काढणीला येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीची बाग डिसेंबरअखेर ते जानेवारीत पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागण्याच्या, अवस्थेत असते. नेमक्या त्या वेळी दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा प्रकार झाला, तर थॉमसन जातीचे मणी गुलाबी पडतात आणि बाहेरचा व्यापारी त्या मालाकडे बघतही नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस आमच्याकडे पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि पानांवरचे दव गोठले होते, ते कोणीच विसरलेले नाही. त्यामुळे दरवर्षी एका एकरावर घडांना कागद लावतो, ते यंदा तिन्ही एकरांवर लावले. मजूर मिळेनात, तेव्हा शेजारच्या तालुक्यातून टोळी आणली. प्रत्यक्षात जानेवारी उबदार गेला आणि फेब्रुवारीत तर पंखे लावावे लागले.

माझी तक्रार अंदाज चुकला एवढीच नाही. डिसेंबरपासून मी एका संकेतस्थळावरचे चार आठवड्यांचे नकाशे दर आठवड्याला बघत होतो. पहिल्या आठवड्याच्या नकाशात निळा किंवा लाल रंग ठसठशीत असतो, दुसऱ्यात फिका होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक महाराष्ट्र पांढरा असतो. पांढरा म्हणजे सरासरीइतके तापमान, असे तिथे लिहिलेले आहे. मी त्यावर विश्वास ठेवून शेकोट्यांसाठीचे सरपण शेजाऱ्याला देऊन टाकले, आणि तोच तिसरा आठवडा प्रत्यक्षात आला तेव्हा पांढऱ्याचा निळा झालेला होता. हे शास्त्र आहे की अंदाजपंचे, हे जाणकारांनी सांगावे.

समदाबरेषा (पुणे)

आपण दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत. आधी ला नीनाकडे बघू.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या संस्था ला नीनाची शक्यता साठ ते सत्तर टक्क्यांच्या घरात सांगत होत्या. म्हणजे ती येणारच असे कोणी म्हणत नव्हते. अखेर ती आली, पण उशिरा आणि अशक्त; अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-महासागर संस्थेने तिची नोंद जाहीर केली तेव्हा ९ जानेवारी २०२५ उजाडला होता. ही पहिली पायरी. दुसरी पायरी अशी की ला नीना आली तरी भारतात थंडी वाढतेच असे नाही, ती वाढण्याकडे कल असतो आणि तोही मुख्यतः उत्तरेकडे. समजा, ला नीना असताना कडक हिवाळ्याची शक्यता ५० टक्के आणि नसताना नेहमीची ३३ टक्के धरली, आणि ला नीना येण्याची शक्यता ६० टक्के मानली, तर दोन्ही मिळून कडक हिवाळ्याची शक्यता ४३ टक्के निघते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यातून एक गोष्ट दिसते : ४३ टक्क्यांचा ‘पडणारच’ व्हायला मधे फक्त पाच-सहा फॉरवर्ड लागतात.

याच्या उलट, हवामान खात्याने डिसेंबरच्या सुरुवातीला डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी जो ऋतूचा अंदाज दिला, त्यात देशाच्या बहुतांश भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी राहण्याची शक्यता सांगितली होती. पुढे जानेवारी १९०१ पासूनच्या सर्वांत उबदार जानेवारींमध्ये तिसरा ठरला आणि फेब्रुवारी तर पहिलाच, देशाचे सरासरी तापमान २२.०४ अंश. तो अंदाज दिशेने बरोबर होता. आपल्यापर्यंत पोहोचला तो दुसराच निरोप.

आता चार आठवड्यांच्या नकाशांकडे येतो. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९६१ च्या हिवाळ्यात आपल्या संगणकावर एक जुनी गणना पुन्हा चालवायला घेतली आणि वेळ वाचवण्यासाठी ती मधूनच सुरू केली. संगणकाच्या पोटात आकडा ०.५०६१२७ असा होता, छापील कागदावर तो ०.५०६ असा आलेला होता; लॉरेन्झने कागदावरचा घातला. सुरुवातीला दोन्ही गणना हातात हात घालून चालल्या आणि काही काळाने त्यांचा एकमेकींशी संबंध उरला नाही. हजारातल्या एका भागाहूनही लहान फरकाने पुढचे सगळे हवामान बदलले. त्याने पुढे केलेल्या कामातून, रोजचे हवामान दिवसवार सांगण्याची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची आहे, असे मानले जाऊ लागले. संगणक कोट्यवधी पटींनी वेगवान झाले, उपग्रह आले, तरी ती भिंत फारशी हललेली नाही. तिच्या अलीकडच्या दिवसांचे अंदाज मात्र पुष्कळ सुधारले आहेत.

मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्याबद्दल काही बोलायचे तरी कशाच्या जोरावर? वातावरणाची स्मरणशक्ती तोकडी असली तरी त्याच्या शेजाऱ्यांची लांब असते. प्रशांत महासागराचे पाणी महिनोन्महिने आपला स्वभाव टिकवते. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक प्रचंड पट्टा हिंदी महासागरातून पूर्वेकडे सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने सरकत जातो आणि तीस ते साठ दिवसांत आपली फेरी पुरी करतो. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये तो दाखवून दिला, म्हणून त्याला मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात. जमिनीतली ओल, डोंगरावरचा बर्फ यांचाही थोडा हात असतो. हे सगळे मिळून एवढेच सांगतात की येत्या पंधरवड्यात फासे कोणत्या बाजूला जड आहेत. अमुक रात्री निफाडला किती, याचे उत्तर त्यांत नसते.

रोखठोक

म्हणजे खरे ठरले तर अंदाज आणि चुकले तर शक्यता. ही सोय आमच्या गावच्या ज्योतिष्यालाही आहे.

गोडीछाटणी (निफाड)

रोखठोक भाऊ, थोडे थांबा, मला पांढऱ्या रंगाचे उत्तर अजून मिळालेले नाही. समदाबरेषा साहेब, आपण सांगितलेले पटले, पण नकाशा ‘माहीत नाही’ असे कुठे म्हणतो? तो ‘सरासरीइतके’ असे म्हणतो. या दोहोंत माझ्या सरपणाएवढा फरक आहे.

समदाबरेषा (पुणे)

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

एकच गणना चालवून चालत नाही हे लॉरेन्झमुळे कळले, म्हणून सुरुवातीच्या स्थितीत मुद्दाम बारीक फरक करून पुष्कळ गणना समांतर चालवतात. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने हे नियमितपणे १९९२ मध्ये सुरू केले, आणि २०२३ पासून ते रोज १०१ गणना ४६ दिवसांपुढपर्यंत चालवतात. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बसवलेली प्रणाली २०१६ पासून हवामान खाते वापरते. बुधवारची स्थिती घेऊन गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. नकाशावर जो रंग दिसतो तो बहुतेक वेळा या सगळ्या गणनांच्या सरासरीचा असतो.

आता जानेवारीतल्या एखाद्या आठवड्यासाठी अशा सोळा गणना समोर आहेत असे समजा. पहिल्या आठवड्यात सोळापैकी चौदा जणी दोन-तीन अंशांची घट दाखवतात, सरासरीही घटच दाखवते, नकाशा निळा होतो. चौथ्या आठवड्यात पाच जणी तीन अंशांची घट, पाच जणी तीन अंशांची वाढ आणि उरलेल्या सहा अधेमधे दाखवतात. सरासरी शून्य, नकाशा पांढरा. पण त्या सोळांपैकी दहा जणी तर सरासरीपासून दूरच आहेत! ‘सगळे म्हणतात नेहमीसारखे राहील’ आणि ‘प्रत्येक जण वेगळे म्हणतो’ या दोन्ही परिस्थितींत नकाशा सारखाच पांढरा निघतो. त्यामुळे दूरच्या आठवड्यातला पांढरा रंग बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो, असेच मी धरून चालतो. नकाशे काढणाऱ्यांनी या दोन पांढऱ्यांना दोन रंग द्यायला हवेत, असे माझे बऱ्याच वर्षांचे मत आहे. तोवर आपण शक्यतांचे नकाशे शोधून बघावेत, ज्यात सरासरीहून कमी, सरासरीजवळ आणि सरासरीहून जास्त अशा तीन खणांची टक्केवारी असते. तिन्ही खण तेहतीसच्या आसपास असतील, तर नकाशाकडे सांगण्यासारखे काही नाही असे समजावे. मधला खण साठवर असेल, तर मात्र सरपण शेजाऱ्याला द्यायला हरकत नाही.

दुसरी अडचण आठवड्याच्या सरासरीची आहे. तीन रात्री सहा अंश आणि चार रात्री साडेतेरा अंश असतील, तर आठवड्याची सरासरी दहाच्या थोडी वर येते, आणि नाशिक भागातल्या जानेवारीसाठी ती अगदी साधी सरासरी आहे. नकाशा पांढरा राहतो आणि त्या तीन रात्रींत बागेचे व्हायचे ते होऊन जाते. तिसरी अडचण चौकटीची. या दूरच्या अंदाजांच्या प्रणाली जमिनीकडे साधारण ३८ ते १०० किलोमीटरच्या चौकटींतून बघतात. एका चौकटीत नाशिक शहर, निफाडचा गोदाकाठ आणि घाटमाथ्याचा तुकडा एकत्र बसतो. निफाडच्या सखल भागात रात्री थंड हवा साचते आणि तिथला पारा शहरापेक्षा खाली जातो, हे त्या चौकटीला दिसतच नाही.

थेम्सकाठ (लंडन)

मूळचा सांगलीचा, पण गेली अकरा वर्षे इथे आहे. इकडे हिवाळ्यात हाच खेळ आणखी ठळकपणे दिसतो, म्हणून दोन वर्षांचा अनुभव लिहितो.

ध्रुवाच्या डोक्यावर, सुमारे तीस किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात थंड हवेचा एक भोवरा फिरत असतो. कधी कधी तिथले तापमान थोड्याच दिवसांत ४०-५० अंशांनी वाढते आणि भोवरा फुटतो. बर्लिनमध्ये रिचर्ड शेर्हाग यांनी १९५२ मध्ये हे पहिल्यांदा नोंदवले. त्याचा परिणाम हळूहळू खाली उतरतो आणि काही आठवडे ते दोन महिने राहू शकतो, त्यामुळे दूरच्या अंदाजासाठी युरोपात याहून मोलाची खूण क्वचितच मिळते. फेब्रुवारी २०१८ च्या मध्यास भोवरा फुटला, इथल्या हवामानतज्ज्ञांनी थंडीची शक्यता वाढल्याचे सांगितले, आणि महिनाअखेरीस सैबेरियाकडून असा वारा आला की रेल्वे ठप्प झाल्या आणि शाळा बंद राहिल्या. वृत्तपत्रांनी त्याला ‘पूर्वेकडचे श्वापद’ म्हटले.

पुढच्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला, भोवरा पुन्हा फुटला. साहजिकच सगळीकडे ‘श्वापद परत येणार’ अशा बातम्या झळकल्या. मीही घरातल्यांसाठी जाड जाकिटे आणि एक फावडे घेऊन ठेवले. थोडा बर्फ पडला, नाही असे नाही. पण २६ फेब्रुवारी २०१९ रोजी लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश तापमान नोंदले गेले, ब्रिटनमधल्या हिवाळ्याचा तोवरचा उच्चांक, आणि मी सदरा घालून बागेत आइस्क्रीम खात होतो. खूण तीच, परिणाम उलटा. अशा घटनांपैकी साधारण दोन तृतीयांश वेळा परिणाम जमिनीपर्यंत पोहोचतो, उरलेल्या वेळी तो वरच विरतो. फावडे अजून पॅकिंगमध्येच आहे.

रोखठोक

लंडनकरांनी माझाच मुद्दा पुढे नेला. दोन तृतीयांश म्हटले की दोन्ही वर्षे खरी. मग हा अंदाज कधी चुकला, हे सिद्ध करण्याचा काही मार्ग आहे का? नसेल, तर करदात्यांच्या पैशांतून तो का काढायचा?

समदाबरेषा (पुणे)

मार्ग आहे, आणि तो कडक आहे. एका वर्षावरून ठरत नाही, एवढेच. ज्या ज्या वेळी ‘७० टक्के’ असे म्हटले, त्या सगळ्या वेळा एका बाजूला काढायच्या आणि त्यांपैकी दहात सात वेळा घडले का ते मोजायचे. दहात नऊदा घडले असेल तर अंदाज भित्रा आहे, चारदाच घडले असेल तर तो फुशारकी मारतो आहे, दोन्ही दोषच. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये यासाठी गुण देण्याची जी रीत सांगितली, ती आजही जगभर वापरतात. प्रणाली सुरू करण्याआधी तिला मागची पंधरा-वीस वर्षे, उत्तर ठाऊक नसल्यासारखी, पुन्हा सोडवायला लावतात आणि तिच्या चुका मोजून ठेवतात.

मात्र आपल्या बाजूनेही एक मुद्दा आहे. कायम ‘३३, ३३, ३४’ असेच सांगणारा अंदाज या कसोटीवर उत्तम उतरेल आणि तरी कोणाच्याही उपयोगाचा नसेल. म्हणून अंदाज विश्वासार्ह आहे का याच्या जोडीला, तो तेहतीसपासून किती वेळा आणि किती दूर जायचे धाडस करतो, हेही बघावे लागते. थंडीच्या बाबतीत आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असे धाडस क्वचितच परवडते.

त्याचे कारण आपल्या थंडीच्या घडणीत आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या प्रणाली, हिवाळ्यात महिन्याला चार ते सहा वेळा उत्तर भारतावरून जातात. प्रक्षोभ येताना ढग असतात, रात्र उबदार राहते. तो सरकला की आकाश निवळते, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांनी आपल्याकडे गारठा पोहोचतो. वेळेत तीन दिवसांची चूक झाली, तर त्याच तारखेला उबेऐवजी थंडी येते. त्यात बंगालचा उपसागर आपला घोळ घालतो. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस राज्यात छान गारठा होता. ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागले, त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे गेले, आपल्यावर ढग आले आणि डिसेंबरचा पहिला आठवडा घामाचा गेला. ते वादळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही प्रणालीत नेमके दिसणे शक्यच नव्हते.

आणि ऋतूचा नियमही वाकतो. २०२३-२४ ला एल निनो (ला नीनाच्या उलट स्थिती) होता, म्हणजे नियमाने उबदार हिवाळा. प्रक्षोभ इतके कमी आले की जानेवारीच्या अखेरीपर्यंत गुलमर्ग बर्फावाचून राहिले. तरीही पंजाब, हरियाणा, दिल्लीत दाट धुके दिवसच्या दिवस हटले नाही आणि लोक भर दुपारी कुडकुडत होते.

वाडीकर (देवगड)

मी हापूसवाला. चर्चा वाचून एक गोष्ट लक्षात आली की आम्हां दोघा बागायतदारांना एकाच नकाशातून वेगवेगळे हवे आहे. निफाडकर भाऊंना एका रात्रीचा घाव बसतो. आमच्याकडे एका रात्रीने काही बिघडत नाही. थंडी पडली की पालवीऐवजी मोहोर येतो, हे चांगलेच, पण ती लांबली की आधीच्या मोहोराला सुपारीएवढी कैरी धरलेली असताना त्याच काठीवर पुन्हा मोहोर फुटतो आणि कैरी गळून पडते. पुनर्मोहोर रोखायला जिब्रेलिक आम्लाची फवारणी करायची की नाही, हे थंडी किती टिकणार त्यावर ठरते. त्यामुळे ‘येता पंधरवडा सरासरीहून थंड राहण्याकडे कल’ एवढेसुद्धा माझ्या कामाचे आहे, कारण फवारणी केली आणि थंडी ओसरली तरी तोटा एका टाकीचाच असतो. आमच्या घरी वडील पूर्वी खळ्यात झोपून वाऱ्याची दिशा बघत. त्यांचा अंदाज दोन दिवसांचा असायचा आणि त्यापलीकडचे विचारले, तर ते सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणत.

गोडीछाटणी (निफाड)

वाडीकर भाऊ, आपण म्हणता तो हिशेब मी या चार दिवसांत वहीत मांडून बघितला. कागद लावण्याचा निर्णय पाणी उतरण्याच्या बेतात घ्यावा लागतो आणि एकदा घेतला की मागे घेता येत नाही, त्यामुळे तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या रंगावर सोडणार नाही; निर्यातीच्या एका एकराला दरवर्षी कागद, बाकी दोन एकर मजुरी परवडेल तसे. सरपण मात्र फेब्रुवारी संपेपर्यंत बांधावरच राहील, नकाशा कोणत्याही रंगाचा असो. शेकोट्या पेटवणे आणि पहाटे ठिबक सोडून विहिरीचे कोमट पाणी मुळाशी देणे ही कामे दोन दिवस आधी कळली तरी जमतात, त्यांना पहिल्या आठवड्याचा अंदाज पुरतो.

वही चाळताना आणखी एक दिसले. घरासमोरचा तापमापक पहाटे पाच वाजता जे सांगतो, त्यापेक्षा नाल्याकडच्या खोलगट प्लॉटमध्ये निरभ्र, वारा नसलेल्या रात्री दीड-दोन अंश कमी असतात, आणि ढगाळ रात्री दोन्हीकडे जवळपास सारखेच. समदाबरेषा साहेब, हा फरक खरा आहे की माझा तापमापक चुकीच्या जागी टांगलेला आहे? नाल्याकडचा मी मांडवाच्या तारेलाच बांधला आहे.

समदाबरेषा (पुणे)

फरक खरा असण्याची दाट शक्यता आहे, कारण आपण सांगता तसा तो ढगाळ रात्री नाहीसा होतो. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होऊन नाल्याकडे उतरते. ढग असले की हे घडत नाही. तरी मांडवाच्या तारेवरून तापमापक काढा, पाने आणि लोखंड त्याला आपापले तापमान देतात. उघड्या जागी, जमिनीपासून साधारण चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या आणि बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत दोन्ही तापमापक ठेवा. ठेवण्याआधी एक रात्र दोन्ही एकाच जागी शेजारी-शेजारी टांगून बघा. तिथेच अर्ध्या अंशाचा फरक निघाला, तर तो वहीतून वजा करावा लागेल.

गोडीछाटणी (निफाड)

आज रात्रीच दोन्ही ओसरीत टांगतो. सकाळी आकडे इथे लिहितो.